जुन्या पीसीवरचे फोटो नव्या लॅपटॉपवर: एकही न गमावता कसे न्यायचे

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये हे सहसा नसतं. त्यामुळे हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या पीसीला निरोप देऊन नवा लॅपटॉप घ्यायची वेळ अनेक घरांवर आली आहे. प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतात, कागदपत्रं बहुतेक पुन्हा मिळवता येतात. आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो मात्र दुसरीकडून आणता येत नाहीत. म्हणून हे काम एखाद्या रविवारी, घाई नसताना, नीट क्रमाने करावं.

इथे मी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आणि विंडोज ११ चा नवा लॅपटॉप धरून चाललो आहे. मॅकसाठी वेगळं काय करायचं ते मध्ये येईल.

कट-पेस्ट करू नका

सगळ्या कामाचा आधार एकच आहे: नव्या ठिकाणी फोटो पोहोचले, ते तपासून झाले आणि त्यांची दुसरी प्रतही तयार झाली, तोपर्यंत जुन्या पीसीवरची एकही फाइल हलवायची नाही, पुसायची नाही, नाव बदलायचं नाही. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर 'कट' करून 'पेस्ट' केलं की विंडोज एकेक फाइल कॉपी करतं आणि मूळ फाइल पुसत जातं. मध्येच लाईट गेली किंवा केबल हलली तर निम्मे फोटो इकडे आणि निम्मे तिकडे राहतात, आणि कुठले कुठे आहेत हे शोधत बसावं लागतं. कॉपी करताना तेच घडलं तर मूळ फोटो जागच्या जागी सुखरूप असतात. आवराआवरीचा मोहही या टप्प्यावर टाळा. आधी सगळं आहे तसं न्या, डुप्लिकेट काढणं आणि अल्बम लावणं नंतर.

आधी फोटो कुठेकुठे आहेत ते शोधा

'पिक्चर्स' फोल्डर कॉपी केला म्हणजे झालं असं वाटतं, पण घरच्या पीसीवर फोटो एका जागी कधीच नसतात. डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर २' असतो, 'डाउनलोड्स'मध्ये मेलवरून आलेले लग्नाचे फोटो असतात, 'डी' ड्राइव्हवर कोणीतरी 'मोबाइल बॅकअप' करून ठेवलेला असतो. शिवाय एकाच पीसीवर दोन-तीन यूझर अकाउंट असतील तर प्रत्येकाचं 'पिक्चर्स' वेगळं असतं. दादाच्या अकाउंटमधले फोटो तुमच्या अकाउंटमधून सहजी दिसत नाहीत. घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि प्रत्येकाच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून बघा.

शोधायची सोपी रीत अशी: फाइल एक्सप्लोररमध्ये आधी 'सी' आणि मग 'डी' ड्राइव्ह उघडा आणि उजवीकडच्या सर्च चौकटीत इंग्रजीत स्टार, डॉट आणि 'जेपीजी' टाइप करा. यादी लांबलचक येईल. त्यात इंटरनेटची आणि प्रोग्रॅमची चित्रंही असतील. आकारानुसार लावली की मोठ्या फाइल वर येतात आणि त्या कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते दिसतं. मग हेच व्हिडिओसाठी करा: एमपी४, एमओव्ही, एव्हीआय. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचे छोटे व्हिडिओ बऱ्याचदा एव्हीआय असतात आणि हमखास विसरले जातात. आयफोन असेल तर एचईआयसी, डीएसएलआर असेल तर निकॉनच्या एनईएफ किंवा कॅननच्या सीआर२ फाइलही शोधा. सापडलेले फोल्डर वहीत लिहून काढा. पुढे तपासताना हीच यादी उपयोगी पडेल.

पिकासा हा फोटो लावायचा आणि सुधारायचा जुना प्रोग्रॅम वापरलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गुगलने पिकासा २०१६ मध्ये बंद केलं, पण त्याच्या खुणा जुन्या फोल्डरांमध्ये अजून आहेत. पिकासात फोटो सुधारून 'सेव्ह' केला की मूळ फोटो त्याच फोल्डरच्या आत एका लपवलेल्या उपफोल्डरमध्ये जायचा. तो डोळ्यांना दिसत नाही. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक केली की दिसतो. वडिलांचा एखादा फोटो कोणीतरी कापून चौकटीत बसवलेला असेल, तर अख्खा मूळ फोटो तिथे सापडण्याची शक्यता आहे.

वनड्राइव्हने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवर फाइल ठेवायच्या सेवेने, तर अनेकांना चकवलं आहे. फोटोच्या नावापुढे निळ्या ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल पीसीवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. खरा फोटो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असतो. राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा, 'साइझ ऑन डिस्क' शून्य दिसेल. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळ्यांपुढे हिरवी टिक येईपर्यंत थांबा. त्यानंतरच कॉपी सुरू करा.

जुन्या डिस्कची तब्येत

दहा वर्षं चाललेली हार्ड डिस्क एका दमात दोनशे जीबी वाचायला लावणं हे तिच्यासाठी कष्टाचं काम आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम चालवून बघा. 'गुड' दिसलं तर पुढे चला. 'कॉशन' आलं तर क्रम बदला: जे फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत ते आधी, बाकी नंतर. आणि डिस्कमधून टक-टक असा नियमित आवाज येत असेल तर पीसी लगेच बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून 'एवढं एक फोल्डर तरी' म्हणत राहिलं की उरलेलंही जातं. तिथे डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडेच जावं.

न्यायचे कशातून?

माझं स्पष्ट मत आहे: पोर्टेबल हार्ड डिस्क किंवा एसएसडी विकत घ्या. पैसे वाया जात नाहीत, कारण काम झाल्यावर तीच डिस्क बॅकअप म्हणून उपयोगी पडते. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. त्यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे, एवढंच. पण काही शे रुपयांत '२ टीबी' लिहिलेला पेन ड्राइव्ह दिसला तर मात्र त्याच्या नादी लागू नका. असे बनावट पेन ड्राइव्ह आपली क्षमता खोटी सांगतात. खरी जागा संपली की फाइलची नावं दिसत राहतात, पण आत काहीच नसतं.

डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइल मांडायची पद्धत, हीही बघून घ्या. जुने पेन ड्राइव्ह एफएटी३२ असतात आणि त्यांवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाचा लांब व्हिडिओ तिथेच अडतो. दोन्ही मशीन विंडोजची असतील तर एनटीएफएस ठेवा. मध्येच लाईट गेली तर ते एक्सफॅटपेक्षा जास्त सावरून घेतं. एका बाजूला मॅक असेल तर एक्सफॅट घ्या, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर आपणहून लिहू शकत नाही. मॅकवरून विंडोजकडे नेताना 'फोटोज' लायब्ररीची अख्खी फाइल उचलू नका, विंडोजला ती उलगडता येत नाही. फोटोज अ‍ॅपच्या 'एक्सपोर्ट'मधला 'अनमॉडिफाइड ओरिजिनल' हा पर्याय वापरून मूळ फोटो बाहेर काढा.

दोन कॉम्प्युटर जोडायला दोन्ही टोकांना सारखीच चपटी यूएसबी पिन असलेली साधी केबल कधीही वापरू नका. दोन्हीकडून वीज येते आणि पोर्ट जळू शकतो. वायफायवरून फोल्डर शेअर करता येतं, पण जुन्या पीसीच्या वायफायवर दोनशे जीबी म्हणजे रात्रभराचं काम आहे, आणि मध्येच नेटवर्क तुटलं तर गोंधळ होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवणं तर नकोच. तिथे फोटो दाबून लहान केला जातो आणि तो कधी काढला याची आतली नोंदही निघून जाते.

वेळेचा अंदाज घेऊन बसा. जुन्या पीसीला फक्त यूएसबी २.० असेल तर सेकंदाला तीस-पस्तीस एमबी मिळतात, म्हणजे २०० जीबीला पावणेदोन तास. आतून निळ्या रंगाचा यूएसबी ३.० पोर्ट असेल तर तेच काम साधारण पाऊण तासात होतं. हजारो छोट्या फाइल असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर ज्या दिवशी भारनियमन किंवा महावितरणची दुरुस्ती आहे त्या दिवशी हे काम काढू नका. दोन्ही मशीनच्या 'पॉवर' सेटिंगमध्ये जाऊन 'स्लीप'ला 'नेव्हर' करून ठेवा.

कॉपी कशी करायची

एक्सप्लोररमधून ओढून टाकलं तरी कॉपी होते. पण सगळं नीट आलं का, हे ते सांगत नाही. म्हणून मी फ्रीफाइलसिंक हा दोन फोल्डर ताडून कॉपी करणारा प्रोग्रॅम सुचवतो. ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते फक्त त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

पोर्टेबल डिस्कवर 'जुना पीसी' नावाचं एक फोल्डर करा आणि त्यात उगमाप्रमाणे उपफोल्डर करा: 'पिक्चर्स', 'डेस्कटॉप', 'डी ड्राइव्ह', 'दादा'. मराठी नावं द्यायला हरकत नाही. 'गणपती २०१२' हे फोल्डर त्याच नावाने पलीकडे उतरतं. फक्त ते झिप करू नका. जुन्या झिप प्रोग्रॅमात देवनागरी नावांचा चुथडा होतो, आणि जेपीजी मुळातच दाबलेली असल्यामुळे जागाही फारशी वाचत नाही.

आता जुन्या पीसीवर फ्रीफाइलसिंक उघडा. डाव्या चौकटीत जुन्या पीसीवरचं फोल्डर द्या, उजव्या चौकटीत डिस्कवरचं त्याच्या जोडीचं. अधिकच्या चिन्हावर क्लिक करून वहीतल्या सगळ्या जोड्या एकाखाली एक लावा. मग हिरव्या दातेरी चाकावर क्लिक करा आणि 'अपडेट' हा प्रकार निवडा. हे विसरू नका. 'टू वे' ठेवलं तर बदल दोन्ही दिशांनी होतात. 'मिरर' ठेवलं तर डावीकडे नसलेली प्रत्येक फाइल उजवीकडून पुसली जाते, आणि डावी-उजवी बाजू चुकून उलटी लावली की रिकामी डिस्क मूळ फोटो पुसून टाकू शकते. 'अपडेट' फक्त डावीकडून उजवीकडे भर घालतं.

'कम्पेअर' दाबा. खाली किती फाइल आणि किती जीबी जाणार ते दिसेल. बाण डावीकडून उजवीकडे आहेत ना, पुसण्याच्या आकड्यापुढे शून्य आहे ना, हे पाहूनच 'सिंक्रोनाइझ' दाबा. मध्ये लाईट गेली तरी घाबरू नका. हा प्रोग्रॅम प्रत्येक फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवतो आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव देतो. लाईट आल्यावर पुन्हा 'कम्पेअर' केलं की राहिलेल्या फाइलच पुढे येतात.

'रिप्लेस' विचारलं तर थांबा

एक्सप्लोररमधून दोन फोल्डर एकत्र करायला गेलात की कधी ना कधी एक चौकट उघडते: याच नावाच्या फाइल तिथे आधीच आहेत, त्यांच्या जागी नव्या ठेवू का? पहिलाच पर्याय 'रिप्लेस' असतो आणि हात सवयीने त्यावर जातो. इथेच सर्वांत जास्त फोटो मरतात.

कॅमेरे फोटोंना नाव कसं देतात ते पाहा. बहुतेक सगळे कॅमेरे एकाच ठरलेल्या पद्धतीने चालतात: चार अक्षरं आणि पुढे ०००१ ते ९९९९ असा क्रमांक. ९९९९ झाले की मोजणी परत ०००१ पासून सुरू होते. काही कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केलं तरी क्रमांक पहिल्यापासून लागतात. म्हणजे २००९ च्या गोव्याच्या सहलीत एक 'डीएससीएन०४१२' असतो आणि २०१३ च्या मुंजीतही एक 'डीएससीएन०४१२' असतो. नाव तेच, फोटो पूर्ण वेगळे. 'रिप्लेस' म्हटलं की गोवा गेला. रिसायकल बिनमध्येसुद्धा तो सापडणार नाही, कारण वर लिहिलेली फाइल तिथे जात नाही.

म्हणून वर उगमाप्रमाणे वेगळी उपफोल्डर करायला सांगितली. वेगवेगळ्या जागचे फोटो एका फोल्डरमध्ये ओतायचेच नाहीत. तरीही ही चौकट आलीच तर दोन्ही फाइल ठेवण्याचा पर्याय निवडा. एक्सप्लोरर दुसरीच्या नावापुढे कंसात आकडा लावतो. दिसायला बरं नाही, पण फोटो वाचतो.

तपासणी

कॉपी संपल्याचा संदेश आला म्हणजे फाइल लिहायचा प्रयत्न झाला. डिस्कवर जे उतरलं ते मूळ फोटोसारखंच आहे, याची खात्री अजून व्हायची आहे.

पहिली तपासणी सोपी. जुन्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'कंटेन्स'समोर फाइल आणि फोल्डरची संख्या असते आणि 'साइझ'समोर कंसात पूर्ण बाइटचा आकडा. पलीकडच्या फोल्डरचेही तेच आकडे घ्या आणि वहीत शेजारी शेजारी लिहा. 'साइझ ऑन डिस्क' जुळवत बसू नका. तो आकडा डिस्कच्या रचनेप्रमाणे बदलतो. दोन-चार फाइलचा फरक आला तर बऱ्याचदा ती विंडोजची 'थम्ब्स' नावाची लपलेली फाइल असते. फ्रीफाइलसिंक ती मुद्दाम वगळतं.

दुसरी तपासणी खरी. फ्रीफाइलसिंकच्या निळ्या दातेरी चाकात जाऊन तुलनेचा प्रकार 'फाइल टाइम अँड साइझ' ऐवजी 'फाइल कंटेंट' करा आणि पुन्हा 'कम्पेअर' दाबा. आता प्रत्येक फोटो दोन्हीकडून पूर्ण वाचला जातो आणि बाइट-बाइट ताडून पाहिला जातो. कॉपीइतकाच, कधी थोडा जास्तच वेळ लागतो. लागू द्या. खराब केबल, बनावट पेन ड्राइव्ह, जुन्या डिस्कवरचा न वाचता येणारा भाग हे सगळं इथेच उघडं पडतं. एकही फरक दिसला नाही तर पहिला टप्पा पूर्ण झाला. घड्याळाजवळच्या चिन्हातून डिस्क 'इजेक्ट' करा आणि मगच केबल काढा.

आता डिस्क नव्या लॅपटॉपला लावा. आधी विंडोज सिक्युरिटीमधून तिचं स्कॅन करा, विशेषतः जुन्या पीसीला झेरॉक्सच्या दुकानातले आणि फोटो स्टुडिओतले पेन ड्राइव्ह लागत आले असतील तर. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले तर त्यावर डबल क्लिक करू नका. तो व्हायरस असतो आणि तुमचं खरं फोल्डर तिथेच लपवलेलं असतं. मग तीच प्रक्रिया: डावीकडे डिस्क, उजवीकडे लॅपटॉप, 'अपडेट', आणि शेवटी 'फाइल कंटेंट'ने पुन्हा तुलना.

लॅपटॉपवर कुठे ठेवायचे

'पिक्चर्स'मध्ये टाकण्याआधी ते फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा ते आधीपासून जोडलेलंच असतं. फुकट जागा ५ जीबी मिळते. तुम्ही दोनशे जीबी टाकता, 'स्टोरेज फुल'चे संदेश सुरू होतात, आणि कोणीतरी जागा करायला म्हणून मोबाइलवरून वनड्राइव्हमधले फोटो पुसतं. ते लॅपटॉपवरूनही पुसले जातात. वनड्राइव्हच्या बिनमध्ये ते ३० दिवस असतात, पुढे कायमचे जातात. दोन्हीकडे सारखं ठेवणारी सेवा म्हणजे बॅकअप नव्हे. त्यामुळे 'सी' ड्राइव्हवर सरळ 'घरचे फोटो' असं स्वतंत्र फोल्डर करा आणि सगळं तिथे ठेवा.

फोटो उघडून बघताना दोन गोष्टींनी दचकू नका. 'डेट क्रिएटेड'समोर आजची तारीख दिसू शकते, कारण ही फाइल या डिस्कवर आज तयार झाली. फोटो कधी काढला ती तारीख फाइलच्या आत असते आणि कॉपीने बदलत नाही. एक्सप्लोररच्या स्तंभांमध्ये 'डेट टेकन' चालू करा म्हणजे ती दिसेल. आणि आयफोनचे एचईआयसी फोटो उघडले नाहीत तर ते खराब झाले असं समजून पुसू नका. विंडोजला ते दाखवायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली जास्तीची एक्स्टेन्शन लागतात.

विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्यावर आपली डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. चोरी झाली तर हे चांगलंच. पण मदरबोर्ड बदलला किंवा विंडोज बिघडलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर फोटो आत असूनही तुमचे राहत नाहीत. अकाउंटच्या पानावरून ती आजच काढा, कागदावर छापा आणि घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावा. कोणाच्या ईमेलने लॉगिन केलंय तेही त्यावर लिहा.

जुन्या पीसीचं काय

आता फोटो तीन जागी आहेत: जुना पीसी, पोर्टेबल डिस्क, नवा लॅपटॉप. जुना पीसी गेला की दोनच उरतात, आणि दोन्ही एकाच घरात. चोरी किंवा पावसाळ्यात घरात पाणी शिरणं हे दोघांनाही एकदमच गाठतं. म्हणून आणखी एक डिस्क घ्या, तिच्यावर याच पद्धतीने प्रत करा आणि ती बहिणीकडे किंवा मामाकडे दुसऱ्या गावी ठेवायला द्या. दर वर्षी दिवाळीला भेट झाली की तिच्यावर नवे फोटो चढवा. डिस्क नुसती कपाटात पडून राहण्यापेक्षा वर्षातून एकदा लावून बघितलेली बरी.

पीसी लगेच विकू नका. एक-दोन महिने तसाच ठेवा. एवढ्या काळात कोणी ना कोणी 'माझे कॉलेजचे फोटो कुठे आहेत?' असं विचारतंच, आणि यादीतून सुटलेलं एखादं फोल्डर तेव्हा कळतं.

मग कॅबिनेट भंगारात द्यायची झाली तरी आतली हार्ड डिस्क काढून घ्या. स्क्रूड्रायव्हरने चार स्क्रू आणि दोन केबल एवढंच काम असतं. ती अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवा. पीसी चालू स्थितीत कोणाला द्यायचा असेल तर 'रिसेट धिस पीसी'मधून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करा. नुसतं डिलीट किंवा झटपट ('क्विक') फॉरमॅट केलेले फोटो जुन्या हार्ड डिस्कवरून कोणालाही परत काढता येतात. हे साफ करायला काही तास लागतात. रात्री लावून ठेवा आणि सकाळी पीसी द्या.